चार पंपांचं गोणपाट

2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. टीव्हीवर ती बातमी पाहिली, आणि त्याच आठवड्यात आम्ही गंगापूर रोडच्या मळ्यातली जुनी शेड मोडायला घेतली. शेडमधून काय काय निघालं. तडकलेल्या लॅटरल, फवारणीच्या पंपाचे वायसर, गूळ झालेलं ग्रीस, आणि कोपऱ्यात दोरीने तोंड बांधलेलं एक गोणपाट. नातवाने ते ओढलं तर त्याला हलेना. सोडून पाहिलं तर आत चार वॉटर पंप. गंजलेले, चुन्याने पांढरे पडलेले.

"आजोबा, हे भंगारात टाकू?"

मी नको म्हणालो. चारही पंप एकाच गाडीचे. 1978 ची फियाट, म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी. पण आमच्याकडे तिला शेवटपर्यंत कोणी पद्मिनी म्हटलं नाही. फियाटच.

ही गाडी आमच्या जिल्ह्याला तशी परकी नव्हती. ती जिथे तयार व्हायची तो कुर्ल्याचा कारखाना वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. कंपनी 1944 ची. हेच वालचंदशेठ मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचे. माणूस सोलापूरचा, पण रावळगावच्या माळावर त्यांनी आधी शेती केली, मग 1933 ला साखर कारखाना काढला. रावळगावचं चॉकलेट खाऊन मोठी झालेली आमची पिढी, आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या कारखान्यातली मोटार आमच्या दारात. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या गोष्टीचं फार कौतुक. पाहुणा आला की गाडीला हात लावून सांगायचे, "रावळगावच्या शेठची हाये."

1991 ला द्राक्षाचे दोन पैसे बरे झाले तेव्हा मुंबईच्या एका गृहस्थाकडून ती घेतली. तोपर्यंत आमच्या घरात ट्रॅक्टर आणि राजदूत. गंगापूर रोड त्या वेळी आजच्यासारखा नव्हता. अशोकस्तंभावरून निघालं की कॉलेजच्या पुढे वस्ती विरळ व्हायची, आनंदवल्लीला पेरूच्या बागा लागायच्या, सोमेश्वरच्या पुढे तर दोन्ही बाजूंनी मळेच. 1982 ला महानगरपालिका झाली होती, बंगले वर सरकायला लागले होते, पण रात्री दहानंतर रस्त्यावर माणूस भेटेल याची खात्री नसायची. हे सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

पहिला पंप गेला 1993 च्या दिवाळीत. समोरून जात्यासारखी घरघर यायला लागली. गाडी पंधरा वर्षांची, बेअरिंग झिजलं असेल, त्यात नवल काय? नाशकातल्या एका गॅरेजात नवा पंप बसवला. मिस्त्रीने जुना टाकायला घेतला तो मी मागून घरी आणला. शेतकऱ्याला लोखंड टाकवत नाही.

नवा पंप आठ महिनेही टिकला नाही. 94 च्या जुलैत गाडीखाली पाण्याचा डाग दिसायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, माल डुप्लिकेट निघाला. तिसरा बसवला. तो पाच-सहा महिन्यांत गळायला लागला. आता म्हणाला, तुमची गाडीच पनौती आहे. 95 च्या जानेवारीत चौथा.

मधल्या काळात हळदीचं प्रकरण झालं. कामानिमित्त मुंबईला निघालो होतो. कसाऱ्याचा घाट उतरताना काही वाटलं नाही, पण परत चढताना काटा लाल पट्ट्याला टेकला. घाट चढून आल्यावर एका ढाब्यावर थांबलो. तिथल्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका. हा उपाय तुम्हीही ऐकला असेल. तो खोटा नाही. रेडिएटरच्या नळीला बारीक भोक असेल तर हळद पाण्यात फुगते, त्या भोकात जाऊन बसते आणि माणूस घरी पोचतो. पण आमचं पाणी रेडिएटरमधून जातच नव्हतं, ते पंपातून जात होतं. फिरत्या दांड्याजवळची गळती हळदीने कशी बुजणार? आम्ही घरी पोचलो ते तीन ठिकाणी पाणी भरत. हळद मात्र आत राहिली.

आता माझी स्वतःची अक्कल सांगतो. चौथा पंप दोन महिन्यांत ठिबकायला लागला तेव्हा मी गॅरेजात गेलोच नाही. खाली वाकून, बॅटरी मारून पाहिलं, तर पंपाच्या मानेला खालच्या बाजूने एक बारीक भोक, आणि पाणी त्यातून येतंय. मला वाटलं, सापडलं! ओतकामातला दोष असणार. एम-सील मळलं, भोक बुजवलं, वरून अंगठा फिरवून गुळगुळीत केलं. गळती बंद. दोन-तीन आठवडे एक थेंब नाही. ज्याला त्याला सांगत सुटलो की गॅरेजवाल्यांना जे दीड वर्षात जमलं नाही ते मी पाच रुपयांत केलं.

मे महिना होता. रात्री साडेअकराला नानांना छातीत दाटून आलं. घामाने अंगातली बंडी भिजली. आईने सुंठ उगाळायला घेतली, पण मी म्हणालो, आधी गाडीत घाला. मागच्या सीटवर आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सोमेश्वर मागे पडलं आणि समोरून कर्कश आवाज सुरू झाला, पट्टा जळाल्याचा वास आला, डायनामोचा लाल दिवा लागला. पंप जाम झाला होता. पट्टा त्याच्यावर घासून तुटला. तशीच दामटली असती तर कदाचित अर्धा मैल गेली असती, पण बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि इंजिनाने दम सोडला. आनंदवल्लीच्या अलीकडे, अंधारात.

किती वेळ उभे होतो ते आईला विचारलं तर ती म्हणायची तासभर. मला वाटतं पंधरा-वीस मिनिटं असतील. नाना रस्त्याकडेच्या दगडावर टेकून बसले होते, हात छातीवर. बोलायला दम नव्हता, पण गाडीकडे बघत होते. शेवटी दुधाचा एक टेम्पो शहराकडे जाताना थांबला. त्याच्या केबिनमध्ये नानांना बसवलं, मी मागे कॅनांच्या मधे. डॉक्टर म्हणाले, झटका सौम्य आहे, पण आणखी उशीर नको होता.

आठ दिवसांनी नाना घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्रास द्यायचा नाही, बोलायचं कमी. मी पायाशी बसलो होतो.

"पंप किती बदलले?" त्यांनी विचारलं.

"चार गेले, नाना."

"अन् कशानं गेले?"

मी गप्प.

"नवा बसवायचं काम पैसा करतो. जुना कशानं गेला ते कोन बघनार?"

मला राग आला नाही. लाज वाटली. कारण विहिरीवरचा पंप बिघडला तर आम्ही असं कधीच करत नव्हतो. मोटारीचा हात आला की शेतकरी आपली अक्कल गॅरेजवाल्याकडे गहाण ठेवतो, मीही तेच केलं होतं.

नानांना पंप नवा नव्हता. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट होती. मग ऑइल इंजिन आलं, मग वीज. किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप पहिल्यांदा केला तो 1926 ला, आमच्या मळ्यापर्यंत तो यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मोटारीतला पंप त्याच जातीचा आहे, फक्त लहान. दांड्याच्या एका टोकाला इम्पेलर, तो पाणी मधून ओढून कडेला फेकतो. दुसऱ्या टोकाला पुली, तिला पट्टा. मधे बेअरिंग, आणि बेअरिंगकडे पाणी जाऊ नये म्हणून सील. आमच्या गाडीत तर समोरचा पंखाही त्याच दांड्यावर होता. म्हणजे एका वीतभर दांड्यावर तीन ओझी.

पहिल्यापासून मोटारींना पंप असायचाच असंही नाही. फोर्डची मॉडेल टी 1908 ला निघाली तेव्हा पहिल्या अडीचेक हजार गाड्यांना पंप होता, मग फोर्डने तो काढूनच टाकला. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, एवढ्यावर ती गाडी 1927 पर्यंत चालली आणि दीड कोटीच्या वर खपली. आज गंगापूर रोडच्या बंगल्यांवर सोलर बंब आहेत त्यांच्यात हेच चालतं, बघा, बहुतेकांना पंप नसतो. पण इंजिनं मोठी झाली, वेग वाढला, बॉनेट बुटकी झाली, तेव्हा पाण्याला ढकलल्याशिवाय भागेना. पंप परत आला.

नानांनी मला गोणपाट आणायला लावलं. चौथाही काढून आणला होता. ओट्यावर चारही ओळीने मांडले आणि वडाळा नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. तेव्हाच सत्तरीचे असतील, गॅरेज मुलाला देऊन टाकलं होतं. ते आले ते पंप बघून खुश झाले. "शेठ, लोक खराब माल फेकतात आणि मग मला विचारतात काय झालं. तुम्ही पुरावा ठेवला."

एकेक पंप उघडला. त्यात जे दिसलं ते लिहून ठेवतो, कारण चारही चार तऱ्हांनी मेले होते.

पहिल्याचं सील बऱ्यापैकी शाबूत. बेअरिंग मात्र एका अंगाने खाल्लेलं. चाचांनी नखाने दाखवलं, सगळीकडून सारखं झिजलं असतं तर म्हातारपण म्हणालो असतो, हे एकीकडून ओढल्यामुळे आहे. दुसऱ्यात बेअरिंग चांगलं, पण सीलच्या कार्बनच्या कडीवर गोल गोल चरे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. इम्पेलरवर पांढरा थर. तिसऱ्यात तेच चरे, आणि थर पिवळा. हळद. त्या खालच्या भोकातही पिवळा चिखल वाळून बसला होता. चौथा उघडला तेव्हा चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कोणी केलं?" त्यांच्या बोटाखाली माझं एम-सील.

मी सांगितलं. ते हसले नाहीत.

ते भोक दोष नव्हता. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. सीलमधून पाणी झिरपलं तर बेअरिंगकडे न जाता खाली पडून जावं, आणि मालकाला डाग दिसून कळावं की सील गेलं. मी दार बंद केलं, पाण्याने दुसरी वाट धरली. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं, गोळ्या गंजल्या आणि सोमेश्वरपुढे सगळं जाम. नाना कॉटवरून ऐकत होते. म्हणाले, "ग्लँडसारखंच की." विहिरीच्या जुन्या पंपाला दांड्याभोवती ग्लँडची दोरी असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी पडायलाच पाहिजे. नवशिक्या माणूस थेंब दिसला की पान्याने ग्लँड आवळतो, आणि मग दांडा तापून जळतो. नानांनी अशा एका गड्याला मी लहान असताना फैलावर घेतलेलं मला आठवत होतं. चाचा म्हणाले, नाना, बरोबर आहे, पण अर्धं. ग्लँडचा थेंब तब्येतीचा असतो, मोटारीच्या पंपाचा थेंब आजाराचा. दोन्हीला बुजवायचं मात्र नसतं. मला हा फरक फार आवडला.

आता प्रश्न राहिला की सील मुळात का जात होती आणि पहिलं बेअरिंग एकीकडून का खाल्लं गेलं.

बेअरिंगचं उत्तर लवकर मिळालं. चाचांनी पंख्याच्या एका पात्याच्या टोकाजवळ काडी धरली आणि पंखा हाताने हळूहळू फिरवला. बाकीची पाती काडीला चाटून गेली, एक पातं बोटभर लांबून गेलं. वाकलेलं. कधीतरी, आमच्याकडे यायच्या आधी, गाडी समोरून ठोकली असणार. सायकलचं चाक आउट असतं तसा तो पंखा मिनिटाला हजारो वेळा दांड्याला झटके देत होता. वरून पट्टा. प्रत्येक नव्या पंपाबरोबर पट्टा तारेसारखा ताणून बसवलेला, चीं करू नये म्हणून. चाचांचं माप अंगठ्याचं होतं. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून कमी दबला तर बेअरिंगचा जीव जातो, जास्त दबला तर पंप नीट फिरत नाही.

सीलचं उत्तर आमच्याच विहिरीत होतं. खरं तर बोअरमध्ये. चाचांनी विचारलं, पाणी कुठलं घालता? मी म्हणालो, बोअरचं, दुसरं कुठलं? त्यांनी स्टीलच्या ताटलीत वाटीभर पाणी ओतून पत्र्यावर उन्हात ठेवायला सांगितलं. संध्याकाळी ताटलीत पांढरं रिंगण उरलं होतं. तेच रिंगण आमच्या ड्रीपरच्या तोंडाशी बसायचं. दर हंगामात ड्रिपला ॲसिड सोडून आम्ही ते काढायचो. आणि गाडी गळते म्हणून तेच पाणी तिला रोज पाजायचो. साधा हिशोब आहे, एकदा भरलेलं पाणी आत फिरत राहिलं तर त्यात जेवढा चुना आहे तेवढाच बसेल. पण गळती झाली, रोज तांब्याभर नवं पाणी घातलं, की रोज नवा चुना. थर सुटून त्याची कणी पाण्यातून फिरते, सीलच्या कडीवर घासते. सील गळली की आणखी पाणी, आणखी चुना. नवा पंप बसवला तरी जुना गाळ इंजिनात आणि रेडिएटरमध्ये तसाच. म्हणून प्रत्येक पंपाचं आयुष्य आधीच्यापेक्षा कमी होत गेलं. माल डुप्लिकेट होता की नव्हता देव जाणे. असली माल असता तरी आमच्याकडे मेलाच असता.

मी लगेच म्हणालो, मग ड्रिपचं ॲसिड सोडू या इंजिनात. चाचांनी दोन्ही हात वर केले. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, ॲसिड चुना खाईल आणि मग हेडही खाईल. धुण्याचा सोडाही नको, तोही ॲल्युमिनियमला लागतो. पुस्तकात काय आहे ते मला माहीत नाही, पण पुढे एका शेजाऱ्याने हाच उद्योग केला आणि हेड बदलावं लागलं, तेव्हा चाचांची आठवण आली.

मग आम्ही सावकाश काम केलं. रेडिएटर उतरवला, रेडिएटरवाल्याने वरची टाकी झाळ सोडून उघडली आणि एकेका नळीतून पट्टी सारून गाळ काढला. निम्म्या नळ्या बंद होत्या. इंजिनात उलट्या बाजूने पाइप लावून पाणी सोडलं, आधी चहासारखं आलं, मग हळदीच्या दुधासारखं, मग कितीतरी वेळाने स्वच्छ. पंखा नवा घेतला. पाचवा पंप बसवला.

पाण्याचं काय? चाचा म्हणाले कूलंट घाला, त्यात गंज न धरण्याची दवा असते. तेव्हा आमच्या आळीत कूलंट कोणी घालत नव्हतं, डबा महाग वाटायचा. मी घेतला. त्यात मिसळायला बॅटरीचं पाणी आणणार होतो, पण नानांनी थांबवलं. मृग कोरडा गेला होता, आर्द्रात पाऊस लागला. पहिल्या दोन सरींनी पत्रे धुऊन जाऊ दिले आणि मग नानांनी पन्हाळीखाली धुतलेला ड्रम लावायला सांगितला. पावसाच्या पाण्यात चुना नसतो, हे त्यांना आईच्या डाळीवरून माहीत होतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, पावसाच्या पाण्यात शिजायची. ड्रम झाकून शेडमध्ये ठेवला. त्यावर मी खडूने "गाडी" असं लिहिलं होतं.

नाना त्यानंतर सहा वर्षं होते. त्या गाडीत परत बसायला त्यांनी वर्षभर घेतलं. दवाखान्याच्या तारखांना एसटीने जायचे, मला सांगायचेही नाहीत. मग एक दिवस सकाळी टोपी घालून आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले. बसायच्या आधी मात्र वाकून गाडीखाली बघितलं. ती सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली, आणि आता मला आहे. नवीन गाडी आहे, तिचा पंप कुठे आहे हे बॉनेट उघडूनही दिसत नाही, तरी निघताना खाली बघतो.

पाचवा पंप नऊ वर्षं चालला. 2004 ला गाडी पेठकडच्या एका माणसाला विकली. दोन महिन्यांनी तो परत आला, मला वाटलं तक्रार घेऊन आलाय. म्हणाला, गाडी ठीक आहे, पण तुम्ही पाणी कुठलं घालायचे ते सांगा, आमच्याकडे गाडीत तांबडं दिसायला लागलंय. त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि निघताना ड्रममधला एक कॅन भरून दिला.